तंबोरा आणि सरकारी माणसे

आपल्या संगीतातील सूर मोजून, आकड्यांत मांडून दाखविण्याचा जो उद्योग या शतकापूर्वीच्या शतकात महाराष्ट्रात झाला, त्याचा धुरीण एक सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर होता, ही गोष्ट कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींस सुखावणारी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी प्रबंध १९१० साली प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ई. क्लेमंट्स हे मुंबई इलाख्यातील सनदी नोकर. हुद्दा जिल्हा न्यायाधीशाचा. एकाने महसूल वसूल केलेला, दुसऱ्याने फिर्यादी ऐकलेल्या. आणि दोघे मिळून गांधाराच्या हद्दी आखण्यास बसले. मोजणीसाठी गळा लाभला तो अब्दुल करीम खाँ यांचा. एखादे गाव सर्व्हेसाठी खुले करावे, तसा खाँसाहेबांनी आपला सूर या दोघांपुढे खुला केला.

या मोजणीतून श्रुतींची हार्मोनियम निघाली. क्लेमंट्ससाहेबांनी ती इंग्लंडात बनवून घेतली आणि बडोद्यास १९१६ साली भरलेल्या संगीत परिषदेपुढे मांडली. तेथे भातखंडे होते, आणि त्यांना हे श्रुतिगणित मान्य नव्हते. वादाचा तपशील येथे नको. पुढे ती पेटी कोणा गवयाच्या बैठकीत रुळली नाही, एवढे पुरे. आम्हांस कुतूहल वाटते ते वेगळेच. ज्या गळ्यावरून आकडे घ्यावयाचे, त्या गळ्याला सूर कोणी शिकविला होता? कोष्टकाने खचित नव्हे. खाँसाहेबांच्या गाण्यात त्यांच्या तंबोऱ्यांचा वाटा केवढा होता, हे संगीताच्या जाणकारास सांगावयास नको. मिरज हे त्यांचे गाव झाले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर त्यांचा अंत झाला, तरी देह विसावला तो मिरजेस, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात.

आणि मिरज हे तर तंबोऱ्यांचेच गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर, संस्थानी फौजा ओसरल्यावर रिकामे झाले. त्यांतील फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीस हात घातला, आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी तो धंदा गावभर नेला. पोलादाची धार ओळखणाऱ्या बोटांना तारेची धार ओळखता आली, यात नवल ते काय? भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. दांडीला लाकूड तुणीचे. परंतु तंबोऱ्याचा प्राण असतो तो घोडीवर. घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला पुसटसा उतार असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकविलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारास क्षणोक्षणी स्पर्शते आणि सुटते. हीच जवारी. कानस फिरवावयाची, तार चढवावयाची, ऐकावयाचे, तार उतरावयाची, पुन्हा कानस फिरवावयाची. कारागिराच्या हाती मोजपट्टी नसते.

या जवारीचे शास्त्रीय नवल ज्याने जगापुढे मांडले, तोही काही काळ आमच्याच खात्यांपैकी एका खात्यात होता! चंद्रशेखर वेंकट रामन हे १९०७ पासून १९१७ पर्यंत अर्थखात्याचे अधिकारी होते. दिवसा हिशेबतपासणी आणि उरल्या वेळात कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत तारांचे कंपन. वीणा व तंबोरा यांवरील त्यांचा निबंध १९२१ चा, म्हणजे नोकरी सोडल्यानंतरचा. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचे कंपन शून्य असते ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपीय शास्त्राचा नियम. तंबोऱ्यात मात्र ते खणखणीत उमटतात, आणि त्याचे कारण घोडीच्या त्या उतारात आहे, असे रामन यांनी दाखविले.

गाणाराला याचा उपयोग कोणता? समजा, षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आहे. खर्जाची तार १२० ची. तिचा पाचवा उपस्वर ६०० चा, म्हणजे गांधाराची वरची अष्टकी. कोणी न छेडलेला गांधार असा तंबोऱ्यात आपोआप बोलत असतो. गाणाराचा गांधार ३०० वर पडला की तो त्यात विरतो. आवाज आपला की तंबोऱ्याचा, हे कळेनासे होते. विलायती पद्धतीने जुळविलेल्या पेटीचा गांधार ३०२.४ च्या आसपास असतो. एवढ्याशा फरकाने त्या उपस्वराशी सेकंदाला पाचएक हेलकावे उठतात, आणि कान तयार असेल तर ते दुखतात. पेटी सूर सांगते आणि शिष्य तो घोकतो. तंबोरा काहीच सांगत नाही. चुकलेला सूर तेवढा उघडा पाडतो. म्हणूनच पहाटे खर्ज लावून तासभर एका षड्जावर बसण्यास रियाज म्हणत. मालकंसासाठी पंचमाची तार मध्यमावर उतरवावी, मारव्यासाठी निषादावर न्यावी, हेही त्याच शिक्षणाचे पाठ.

पेटीवर पुढे सरकारी हुकूमच निघाला. दिल्ली केंद्रावरील इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लेखणी चालविली होती. १९४० साली आकाशवाणीने ती वर्ज्य केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात खाते सांभाळणारे आपले बाळकृष्ण केसकर यांनीही बंदी उठविली नाही. ती सैल झाली १९७१ मध्ये. कारण शुद्ध होते, पण सूर परिपत्रकाने सुधारत नाही, असे आमचे मत आहे. पेटी गेल्याने गाणाराचा कान आपोआप तयार झाला असता, तर तीस वर्षांत केवढे गंधर्व निपजावयास हवे होते!

आता आमच्या लक्ष्मीबाई नगरातील गोष्ट. या सरकारी क्वार्टरांत चार फुटांहून उंच वाद्य ठेवावे कोठे, आणि बदलीच्या हुकमासरशी ते न्यावे कसे? सामानाच्या ट्रकात पहिला तडा भोपळ्यालाच जातो. बंगळूरचे बासरीवादक अभियंता जी. राजनारायण यांनी १९७९ साली विजेवरचा तंबोरा काढला, त्याचे मोल येथे कळते. आज तर तो मोबाइलमध्येच असतो. सायंकाळी भिंतीपलीकडून ऐकू येणारे ते चार सूर बहुधा त्याचेच. त्यास नाके मुरडणे आम्हांस मान्य नाही. त्याच्यावाचून आमच्यातील कित्येकांचे गाणे पहिल्याच बदलीत संपले असते.

परंतु तो कधी उतरत नाही, आणि अडचण येथेच आहे. दिल्लीचा उन्हाळा, मग पावसाळ्याचा दमटपणा, मग पौषातली थंडी: खरा तंबोरा ऋतूंबरोबर बदलतो, आणि प्रत्येक बैठकीपूर्वी खुंट्या पिळून, मणी सरकवून तो जुळवावा लागतो. त्या पाव तासात कान जे शिकतो, ते पुढच्या तासात गळा वापरतो. तयार सूर बटणाने मिळाला की हा पाव तास वाचतो. आणि जुळविणारा कान नव्या पिढीत घडतच नाही. गायक होतात, पण त्यांचा तंबोरा दुसरा कोणी लावून देतो.

मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्यांच्या घरी वडिलांचा तंबोरा माळ्यावर पडून आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट: हजरत निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मिरजेस थांबते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. तारा ढिल्या करून, भोपळा गोधडीत गुंडाळून, वाद्य आपल्याच बाकावर आतल्या अंगास ठेवावे. जवारी काढावयास टाकल्यावर मात्र तेथेच बसून ऐकावे. कारागीर मधूनच तार छेडून विचारतो, आणि त्यास उत्तर द्यावे लागते.