परक्या शहरांतलें आपलें पान

मनुष्य परदेशीं निघाला म्हणजे पेटींत काय काय न्यावें याचा खल घरांत आठ आठ दिवस चालतो; परंतु जी वस्तु पेटींत घालतां येत नाहीं, तिचीच उणीव त्याला तेथें पोंचल्यावर प्रथम भासते. ती वस्तु म्हणजे घरचें पान. भाषेची अडचण चार महिन्यांत सरते, थंडीची लोकरी कपड्यांनीं भागते. पोटाची अडचण मात्र दिवसांतून दोन वेळां दारांत उभी राहते. म्हणूनच मनाजोगी खाणावळ सांपडल्याचा दिवस परदेशीं राहिलेला मनुष्य सहसा विसरत नाहीं. प्रस्तुत लेखक तरुणपणीं लंडनांत शिकत असतां स्ट्रँड रस्त्यावरील 'इंडिया क्लब'चा अरुंद जिना त्यानें प्रथम चढला, तो दिवस त्याच्याहि स्मरणांत आहे. त्या जिन्यानेंच त्याला या विषयाच्या इतिहासाकडे नेलें, आणि हा इतिहास केवळ जिभेचा नाहीं असें त्याला आढळून आलें.

या इतिहासाचा आरंभ एका पाटण्याच्या मनुष्यापासून होतो. दीन महंमद याचा जन्म १७५९ चा. कंपनीच्या बंगाली फौजेंत नोकरी करून तो १७८४ सालीं आयर्लंडांत गेला, आणि १७९४ सालीं त्यानें आपला प्रवासवृत्तांत इंग्रजींत छापला. हिंदी मनुष्यानें इंग्रजींत लिहून प्रसिद्ध केलेलें हें पहिलें पुस्तक होय. पुढें १८१० सालीं त्यानें लंडनांत पोर्टमन चौकाजवळ जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्थानी कॉफी हाऊस' उघडलें. नांव कॉफीचें, पण आंत वेताचीं आसनें, हुक्का आणि हिंदी पद्धतीचें मसालेदार जेवण. ही त्या शहरांतील पहिली हिंदी खाणावळ. मौजेची गोष्ट ही कीं, तिचें खरें गिऱ्हाईक हिंदी नव्हतेंच. हिंदुस्थानांत वर्षेंच्या वर्षें काढून मायदेशीं परतलेले कंपनीचे साहेबलोक तेथें येत. हिंदुस्थानांत ते परके होते, आणि परतल्यावर स्वतःच्या शहरांतहि त्यांना सुनेंसुनें वाटूं लागलें होतें! परंतु एवढ्या गिऱ्हाइकावर धंदा चालेना. १८१२ सालीं दीन महंमदाचें दिवाळें निघालें. पुढें ब्रायटनला जाऊन त्यानें अंग चांपण्याचीं स्नानगृहें काढलीं व राजाश्रय मिळविला. त्याच्या 'चांपण्या'शीं नातें सांगणारा 'शांपू' हा शब्द आज आपल्या न्हाणीघरांत परत आला आहे.

परंतु लंडनांतील ज्या खाणावळीनें इतिहासावर ठसा उमटविला, ती हिंदी नव्हतीच. १८८८ च्या सप्टेंबरांत मोहनदास गांधी हा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून बोटींत बसला, तेव्हां जातीनें त्याला बहिष्कृत केलें होतें, आणि मद्य, मांस व परस्त्री यांना स्पर्श न करण्याची शपथ त्यानें आईपुढें घेतली होती. शपथ राजकोटांत घेणें सोपें होतें; ती पाळावयाची होती लंडनांत, परक्याच्या मेजावर. सकाळीं ओटची लापशी मिळे. दुपारीं व रात्रीं पाव, मुरंबा आणि उकडलेली भाजी. दोन-तीन तुकड्यांवर अधिक मागावयाची लाज वाटे. निरक्षर आईपुढें घेतलेल्या शपथेला किंमत ती काय, असें एक स्नेही त्याला रोज पटवूं पाही. पुढें ज्या विधवेच्या घरीं तो राहिला, तेथील मुली प्रेमानें एखादा तुकडा अधिक वाढीत. पण त्याची भूक अख्ख्या पावाची होती.

अखेरीस घरमालकिणीनें सांगितलें कीं, शहरांत शाकाहारी खाणावळी आहेत. मग हा तरुण रोज दहा-बारा मैल पायपीट करी, स्वस्तशा दुकानांत पाव खाऊन पोट भरी, आणि अतृप्त परत येई. असें करतां करतां एके दिवशीं फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला हवी ती पाटी दिसली. दाराशींच कांचेआड विकावयास ठेवलेलीं पुस्तकें होतीं. त्यांतील हेन्री सॉल्ट यांचें शाकाहाराची कैफियत मांडणारें पुस्तक त्यानें एक शिलिंगाला घेतलें, आणि मग तो जेवावयास बसला. विलायतेंत आल्यापासूनचें तें त्याचें पहिलें पोटभर जेवण.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या दिवसापर्यंत गांधी मांस खात नसत, तें केवळ शपथेसाठीं. सर्व हिंदी लोक मांसाहारी व्हावेत, म्हणजे ते इंग्रजांसारखे बळकट होतील, असेंच त्यांना मनांतून वाटत असे. सॉल्ट यांचें पुस्तक वाचल्यावर ते स्वतःच्या विचारानें शाकाहारी झाले. घरून आणलेलें बंधन परक्या गांवांत, परक्याच्या ग्रंथानें, आपखुशीचें व्रत बनलें. आपल्याकडे आचार हा वडिलार्जित मिळकतीसारखा येतो. त्याचीं कारणें विचारण्याचा प्रसंग बहुधा येत नाहीं. परदेशांतील खाणावळ तो प्रसंग आणते.

दुसरा लाभ माणसांचा. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणींत गांधींची निवड झाली. बेजवॉटर भागांत त्यांनीं एक लहानसा क्लब काढला व त्याचें चिटणीसपण स्वतःकडे घेतलें. याच कार्यकारिणींत डॉ. ॲलिन्सन यांचें प्रकरण निघालें. हे डॉक्टर संततिनियमनाचा प्रचार करीत, म्हणून मंडळाचे धनिक आधारस्तंभ हिल्स यांना ते सभासद म्हणून नको होते. ॲलिन्सन यांचें मत गांधींना मान्य नव्हतें. तथापि शाकाहाराच्या मंडळांतून एखाद्याला निराळ्या मतासाठीं काढणें अन्यायाचें आहे, असें त्यांनीं लिहून नेलें. उभें राहून वाचण्याचें मात्र धैर्य होईना. तें दुसऱ्यानें वाचून दाखविलें, आणि ठराव ॲलिन्सन यांच्याविरुद्ध गेला. ज्याच्याशीं मतभेद आहे त्याच्याच हक्कासाठीं उभें राहून हरण्याचा हा धडा त्यांना खाणावळीच्या ओळखींतून मिळाला.

त्याच सुमारास आपल्या पुण्यांत काय चाललें होतें? १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा घेतला म्हणून ग्रामण्य माजलें, आणि रानडे-टिळकांसारख्यांनाहि प्रायश्चित्त चुकलें नाहीं. एका पेल्याला हें मोल, तर समुद्रापलीकडच्या तीन वर्षांच्या जेवणांना किती? १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन परतलेल्या गांधींना त्यांच्या वडील बंधूंनीं प्रथम नाशिकला नेलें, गोदावरींत स्नान घातलें, आणि राजकोटास गेल्यावर जातीला भोजन दिलें. जी शपथ लंडनांत उपास काढून पाळली, तिची चौकशी कोणी केली नाहीं. जातीला स्नान आणि पंगत पुरली. त्यांतहि जातीचा एक तट शेवटपर्यंत दूरच राहिला.

पुढला इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९२६ सालीं रीजंट स्ट्रीटवर 'वीरस्वामी' हें श्रीमंती थाटाचें भोजनगृह निघालें; बोटींवर राबलेल्या सिल्हटच्या खलाशांनीं व त्यांच्या गांवकऱ्यांनीं पुढें हा धंदा इंग्लंडभर पसरविला. स्वातंत्र्यानंतर, १९५१ सालीं, 'इंडिया लीग'च्या मंडळींनीं इंडिया क्लब काढला. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं तो बंद झाला. ती बातमी वाचली तेव्हां डोसा पुन्हा मिळणार नाहीं याचें दुःख मला झालें नाहीं. डोसा आतां लंडनांत हवा तेथें मिळतो. दुःख झालें तें त्या लांब मेजाचें. तेथें मद्रासचा, लाहोरचा आणि आमच्या साताऱ्याचा विद्यार्थी जागेच्या टंचाईमुळें शेजारीं बसत, आणि आपण असेंच कां खातों, असेंच कां वागतों, हें एकमेकांना समजावून सांगण्याची पाळी प्रत्येकावर येई.

आज माझे विद्यार्थी परदेशीं जातात, तेव्हां विमानांतून उतरण्यापूर्वींच जवळची खाणावळ कोठें आहे हें त्यांच्या हातांतलें यंत्र सांगतें. दहा मैलांची पायपीट वांचली, हें चांगलेंच झालें. पोट भरल्यावर दाराजवळचें पुस्तक पाहण्यास मात्र त्यांनीं विसरूं नये, एवढेंच मी निरोप देतांना सांगत असतों.