बाबुभाई मिस्त्री यांची चित्रपटांतील कामगिरी

पौराणिक बोलपटांविषयीं लिहितांना ग्रंथकार बहुधा कथा, नट व संगीत यांचाच विचार करितात. आकाशांतून रथ जातो, अंगुष्ठमात्र मारुति पर्वतप्राय होतो. हें कोणीं व कसें साधलें याची चौकशी क्वचितच होते. या दृष्टीनें बाबुभाई मिस्त्री (१९१८–२०१०) यांचें चरित्र आम्हांस विचारणीय वाटतें.

मिस्त्री मूळचे सुरतेचे. १९३७ सालीं विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया' या चित्रपटांत अदृश्य मनुष्य वावरतो असें दाखवावयाचें होतें. मिस्त्रींनीं काळ्या पार्श्वभूमीपुढें काळ्या दोऱ्यानें वस्तू हालविल्या. दोरा काळोखांत लोपला, वस्तू तेवढ्या दिसल्या. यावरून 'काला धागा' हें टोपणनांव त्यांस पडलें. पुढें १९४२ च्या 'मुकाबला' चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून नानाभाई भट्टांसह त्यांचें नांव आलें. त्यांत नादिया हिची दुहेरी भूमिका होती. एक नटी एकाच चौकटींत दोनदां दाखवावयाची तर त्या काळीं भिंगाचा अर्धा भाग झांकून चित्रण करीत, फीत मागें गुंडाळीत आणि मग उरलेला अर्धा भाग घेत. कॅमेरा केसभर हालला कीं सारा खेळ फसे.

त्यांनीं दिग्दर्शित केलेले 'संपूर्ण रामायण' (१९६१) व 'महाभारत' (१९६५) पौराणिक गणले जातात. त्यांच्या मधला 'पारसमणी' (१९६३) अद्भुतरम्य. परंतु हा भेद केवळ कथेवरून केलेला आहे. 'संपूर्ण रामायणां'तील राम आणि 'पारसमणी'चा नायक हे दोघेही महिपालच. आणि दोन्ही चित्रपटांतील चमत्कारांमागील विद्याही एकच.

ही निव्वळ नजरबंदी होय, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाहीं. हरिदासाच्या कीर्तनांत समुद्रोल्लंघन श्रोत्याच्या मनश्चक्षूंपुढें घडतें. पडद्यावर तें प्रत्यक्ष डोळ्यांस पटावें लागतें. तेथें दोरा दिसला तर भक्तिरसाचा हास्यरस व्हावयास वेळ लागत नाहीं.

दोरा दिसूं न देणें हीच मिस्त्रींच्या विद्येची कसोटी होती. प्रेक्षकांस तो दिसला नाहीं, हें त्यांचें यश. इतिहासकारांसही तो दिसूं नये, हा मात्र आमचा दोष. चित्रपटांचें वर्गीकरण कथेप्रमाणें कारागिरीवरूनही झालें पाहिजे. तसें केल्यास पडद्यामागें राहिलेल्या अनेक हातांचा इतिहास उजेडांत येईल.