पोथीत सापडलेली 'दो रुपया'



दशलक्षण पर्वाआधी आंबागडच्या घरी ग्रंथांची वेष्टनं धुवायला काढली. पद्मपुराणाच्या पानांत आजेसासूबाईंनी जपलेल्या नोटा सापडल्या. दोन रुपयांच्या चार, एक रुपयाच्या दोन. धान विकलं की घरखर्चातून त्या थोडे पैसे बाजूला टाकत, हे सासूबाईंकडून ऐकलं होतं.

धाकट्या जाऊबाईंनी एक नोट खिडकीपाशी धरली. "ताई, यावर 'दो रुपया' लिहिलंय, 'रुपये' नाही! छपाईची चूक आहे. अशा नोटेला लाखो रुपये मिळतात." त्यांच्या मोबाइलवर तशी जाहिरात आली होती. फक्त नोंदणीसाठी आधी अडीच हजार भरायचे होते. मी म्हटलं, "थांब, आधी नोट तर नीट वाचू."

1950 साली प्रजासत्ताकाच्या पहिल्या नोटा निघाल्या, 2, 5, 10 आणि 100 रुपयांच्या. इंग्रज राजाच्या चित्राच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. हिंदीत 'रुपया'चं अनेकवचन काय लिहावं यावर तेव्हा वाद होता. 1953 मध्ये नोटांवर हिंदी ठळक झाली आणि निकाल 'रुपये'च्या बाजूने लागला. म्हणजे आमच्या नोटेवरचा 'रुपया' ही यंत्राची चूक नाही. त्या छपाईच्या सगळ्याच नोटा तशा होत्या.

एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरांची सही दिसेना, तेव्हा जाऊबाईंना पुन्हा आशा वाटली. पण ही नोट रिझर्व्ह बँकेची नसतेच, भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. पहिली एक रुपयाची नोट 1917 मध्ये निघाली. महायुद्धामुळे रुपयाच्या नाण्याला चांदी पुरेना, म्हणून कागद आला.

मग छपाईची खरी चूक कशी ओळखायची? नाशिकच्या छापखान्यात 1928 पासून नोटा छापतात. मोठ्या कागदावर एका वेळी अनेक नोटा असतात. आधी रंगाची नक्षी, मग उठावाची छपाई, मग नंबर, शेवटी कापणी. छापताना कोपरा दुमडला तर घडी उघडल्यावर कोरा पट्टा दिसतो. कापताना दुमडलेला राहिला तर जास्तीचा कागद कानासारखा बाहेर येतो. नंबराचं चाक अडकलं तर एकाच नोटेवरचे दोन नंबर जुळत नाहीत. अशा नोटा तपासणीत बाजूला काढतात, म्हणूनच बाहेर आलेली एखादी दुर्मीळ ठरते. पूर्वी खराब नोटेच्या जागी त्याच नंबराची दुसरी छापत. 2006 पासून बदली नोटेच्या नंबरात तारा (*) घालू लागले. ताऱ्याची नोट खोटी समजून परत करू नका.

आणि पिनांची भोकं, हळदीचा डाग, उडालेला रंग ही चूक नव्हे, वापर. पूर्वी गड्डीला पिना मारायची पद्धतच होती.

राहिली ती जाहिरात. रिझर्व्ह बँकेनेच 2021 मध्ये लोकांना सावध केलं आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत तिचा काही संबंध नाही आणि तिच्या नावाने कुणी शुल्क मागितलं तर देऊ नये. संग्राहक जुन्या नोटा घेतात, पण खरा घेणारा पैसे देतो, आधी मागत नाही. आपणही विकताना पिनेच्या भोकाला 'दुर्मीळ चूक' म्हणायचं नाही. चौथ्या दिवशीचा उत्तम शौच धर्म लोभाबद्दलच सांगतो, आणि त्याच्या पाठोपाठ येतं ते उत्तम सत्य.

जाऊबाईंनी पैसे भरले नाहीत. नोटा आम्ही वेगळ्या पाकिटात ठेवल्या, कारण पिनेचा गंज पोथीच्या पानाला लागत होता. पाकिटावर आजेसासूबाईंचं नाव लिहिलं. घरातल्या कुठल्याच कागदावर ते आजवर नव्हतं.