जपानी खाणावळीची हकीकत

परगांवीं पोटासाठीं गेलेल्या माणसापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो बिऱ्हाडाचा नव्हे, जेवणाचा. निजावयास धर्मशाळेची ओसरी किंवा एखाद्या गांवकऱ्याची खोली मिळून जाते. पण दोन वेळचें अन्न शिजवावयाचें तर चूल लागते, सरपण लागतें, आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. सोलापूर शहरास या प्रश्नाची ओळख १८७७ सालापासून चांगलीच आहे. त्या सालीं येथें पहिली कापडगिरणी निघाली. पुढें सगळें गांव तिला 'जुनी गिरणी' म्हणूं लागलें. त्याच सुमारास १८७६-७८च्या दुष्काळानें उजाड झालेल्या खेड्यांतून माणसें शहराकडे लोटत होतीं. तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर बहुधा बायकामुलांसह आले, त्यांनीं माग घरांतच मांडले, त्यामुळें त्यांची चूल मोडली नाहीं. एकट्यानें आलेला गडी मात्र खाणावळीच्या आश्रयास गेला. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगांची चटणी, आणि हिशेब पगाराच्या दिवशीं, असा तो साधा व्यवहार होता.

याच प्रश्नाशीं जपानांतील एका शहराची गांठ सोलापूरच्या सव्वादोनशें वर्षें आधीं पडली होती. तें शहर म्हणजे एडो, आजचें टोकियो. १६३५ सालीं तेथील शोगुन सरकारनें असा दंडक घातला कीं, प्रत्येक मांडलिक सरदारानें आळीपाळीनें एडोस येऊन राहिलें पाहिजे. सरदार आला कीं त्याचे शेंकडों शिलेदार येत, आणि त्यांचीं कुटुंबें गांवींच राहत. पुढें १६५७ सालीं भयंकर आग लागून शहराचा बहुतेक भाग जळाला, आणि तें पुन्हां उभारण्यासाठीं सुतार, गवंडी व मजूर यांचे थवे तेथें आले. अठराव्या शतकांत एडोची वस्ती दहा लाखांवर गेली होती, व तींत पुरुषांची संख्या बायकांहून फारच अधिक होती. मजूर राहत ते लांकडी चाळींत. खोली जेमतेम चार माणसें आडवीं होतील एवढी, भिंती लांकडाच्या व कागदाच्या, आणि आगीची धास्ती अष्टौप्रहर. अशा ठिकाणीं रोज चूल पेटविण्यापेक्षां बाहेर जाऊन खाणें स्वस्त व निर्धास्त होतें.

म्हणून रस्त्यावरच अन्न निघालें. खांद्यावर कावड, एका बाजूस शेगडी व दुसऱ्या बाजूस वाडगे, असा फेरीवाला रात्रीं कुट्टूच्या पिठाच्या शेवया विकी; त्यांना सोबा म्हणतात. कुट्टू म्हणजे उत्तर हिंदुस्थानांत उपासाला चालतें तेंच धान्य. विस्तव घेऊन रस्त्यानें हिंडणाऱ्या या विक्रेत्यांवर सरकारनें सतराव्या शतकांत मनाई हुकूम काढला. पण भूक हुकूम मानीत नाहीं, आणि सोबा राहिला तो राहिलाच. पुढें बराच काळ त्याच्या एका वाडग्याचा भाव सोळा मोन, म्हणजे तांब्याचीं सोळा नाणीं, असा ठरून गेला होता. पिठांत घोळून तळलेली मासळी काडीला टोंचून उभ्याउभ्या खात. तिचें नांव तेंपुरा. आज जगभर ज्याचें कौतुक चालतें तें सुशी, म्हणजे आंबट भाताच्या मुटक्यावर मासळीचा तुकडा, तेंही १८२०च्या सुमारास एडोच्या टपऱ्यांवर लोकप्रिय झालें. एक मुटका आजच्याहून बराच मोठा असे. घाईच्या माणसानें दोनचार गिळावे, चहा घ्यावा आणि कामावर जावें, एवढाच त्याचा मूळ हेतु. शिलेदारांना अशा टपरीवर उभें राहणें कमीपणाचें वाटे; कांहीं जण तोंडावर फडकें घेऊन येत, असें वर्णन आढळतें. अब्रू आणि भूक यांच्या झगड्यांत बहुधा कोण जिंकतें, तें सांगावयास नको.

या टपऱ्यांची व चहाच्या दुकानांची वंशज म्हणजे आजची जपानी मोहल्ल्यांतील खाणावळ; 'शोकुदो' हें तिचें चालू नांव. दारावर सुती कापडाचा, मध्यें चिरलेला, आखूड पडदा असतो. त्याला नोरेन म्हणतात, आणि पुष्कळदां तो निळीनें रंगविलेला असतो. दुकान उघडलें कीं मालक तो बाहेर टांगतो; तो दिसला नाहीं तर समजावें कीं दुकान बंद. जुन्या काळीं गिऱ्हाइकें बाहेर पडतांना या पडद्याला बोटें पुशीत, म्हणून ज्याचा पडदा अधिक मळका त्याचा माल अधिक चांगला, अशी समजूत होती म्हणतात. वर्षानुवर्षें इमानानें राबलेल्या नोकराला मालक आपल्या नांवाचें निराळें दुकान काढूं देतो, त्या रिवाजास 'नोरेन वांटून देणें' असें नांव आहे. कापडावर जगलेल्या सोलापूरकरांना एका पडद्याची ही प्रतिष्ठा समजावयास अडचण पडूं नये.

आंत शिरतांच मालक मोठ्यानें स्वागत करतो. चहा किंवा पाणी मागावें लागत नाहीं, व त्याचे पैसेही पडत नाहींत. हात पुसण्यास ओला रुमाल येतो. ठराविक जेवण म्हणजे एका तबकांत चिकट भात, सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचें सार, लोणचें, आणि भाजलेली मासळी किंवा तळलेला पदार्थ. जेवणारा हात जोडून आभाराचा एक शब्द उच्चारतो व मग काड्या उचलतो. उठतांना दुसरा शब्द. आपल्याकडे जेवणापूर्वीं श्लोक म्हणतात, त्याच जातीचा हा संस्कार आहे, फक्त आटोपशीर. बक्षिसी कोणी देत नाहीं, देऊं केली तर मालक ओशाळतो. शाकाहारी माणसाची मात्र तेथें पंचाईत होते. कारण मासळी ताटांत नसली तरी साराच्या पाण्यांत असते. वाळविलेल्या मासळीचा कीस उकळून घेतलेलें पाणी हा तेथील स्वयंपाकाचा पायाच आहे. निव्वळ शाकाहार हवा असल्यास बौद्ध मठांच्या पाकशाळेची परंपरा निराळी आहे, पण ती मोहल्ल्यांत भेटत नाहीं.

या खाणावळींत हिंदी माणसाला चकित करणारा एक पदार्थ मिळतो: 'करे राईस'. एका बाजूस भात, दुसऱ्या बाजूस पीठ लावून दाट केलेला, किंचित् गोडसर, पिवळट तपकिरी रस्सा, कडेला लाल लोणचें, आणि काड्यांऐवजीं चमचा. ही करी हिंदुस्थानांतून सरळ जपानांत गेली नाहीं. ती इंग्रजांच्या डब्यांतील मसाल्याबरोबर लंडनमार्गें गेली. जपानी पाकपुस्तकांत तिची कृति १८७२ सालींच छापलेली आहे. पुढें लष्कराच्या व आरमाराच्या भटारखान्यांनीं ती उचलली, आणि नोकरी संपवून घरीं परतलेल्या शिपायांनीं ती खेडोपाडीं नेली. खऱ्या हिंदी करीची ओळख जपान्यांस करून देण्याचें श्रेय एका क्रांतिकारकाकडे जातें. राशबिहारी बोस १९१५ सालीं जपानांत पळून गेले. टोकियोंतील नाकामुराया नांवाच्या पावाच्या दुकानदारानें त्यांस लपविलें, आणि १९१८ सालीं त्या घरच्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. ती १९२५ सालीं वारली. १९२७ सालीं त्या दुकानानें वरच्या बाजूस उपाहारगृह काढलें, तेव्हां बोसांच्या सांगण्यावरून तेथें हिंदी पद्धतीची कोंबडीची करी सुरू झाली. तिचा भाव साध्या करीच्या कित्येक पट होता, तरी ती खपली. ज्या देशांत जातां येत नाहीं त्या देशाची चव एका निर्वासितानें अशी जतन करून ठेविली.

सोलापूरचा व जपानचा संबंध तोंवर निराळ्याच वाटेनें जुळला होता. १८९३ सालीं जमशेटजी टाटांच्या खटपटीनें जपानी आगबोटी मुंबई ते कोबे अशा थेट फिरूं लागल्या, आणि इकडचा कापूस तिकडच्या गिरण्यांत जाऊं लागला. दारावरच्या एखाद्या नोरेनमध्यें वऱ्हाड-खानदेशचें सूत नसेलच, असें कोणी सांगावें! पण त्याच कापसाचें कापड पुढें स्वस्त भावानें इकडे आलें आणि इकडच्या गिरण्यांना जड गेलें. १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें जपानी सुती कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली. जपानी गिरण्यांनीं उलट हिंदी कापूस घेण्याचें थांबविलें. १९३४ सालीं दोन्ही पक्षांनीं करार करून तंटा मिटविला. हें स्वस्त कापड ज्या मुली काढीत, त्या मात्र मोहल्ल्याच्या खाणावळींत कधींच दिसत नसत. खेड्यांतून आगाऊ उचल देऊन आणलेल्या त्या पोरी गिरणीच्या आवारांतील वसतिगृहांत कोंडलेल्या असत, आणि गिरणी देईल तें निकृष्ट अन्न खात. होसोई वाकिझो या गिरणीकामगारानेंच १९२५ सालीं त्यांची करुण कहाणी पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. सोलापूरच्या गिरणीवाल्या गड्याला निदान खाणावळ बदलण्याची मुभा होती. आणि जपानचें नांव या शहरांत काढावयाचें तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें स्मरण टाळतां येत नाहीं. १९१० सालीं सोलापुरांत जन्मलेला हा डॉक्टर जपानच्या स्वारीनें गांजलेल्या चीनच्या मदतीस १९३८ सालीं गेला आणि १९४२ सालीं तेथेंच वारला. खाणावळीच्या कौतुकांत तें विसरणें योग्य होणार नाहीं.

मोहल्ल्याची खाणावळ ही नुसती धंद्याची बाब राहिली नाहीं, ती राजकारणाचीही झाली. १९१८च्या उन्हाळ्यांत तांदळाचे भाव कडाडले. तोयामा प्रांतांतील कोळ्यांच्या बायकांनीं तांदूळ बोटींत भरूं देण्यास हरकत घेतली, आणि पाहतां पाहतां दंगे देशभर पसरले. सप्टेंबरांत तेरौची यांच्या मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. या काळांतच ओसाका, टोकियो वगैरे शहरांच्या नगरपालिकांनीं सार्वजनिक भोजनालयें उघडलीं. तेथें ठराविक, स्वच्छ आणि स्वस्त जेवण मिळे, आणि कारकून व हमाल एकाच बाकावर बसत. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपांत टोकियो व योकोहामा भागांत लाखावर माणसें मेलीं; जळालेल्या राखेवर जीं नवीं दुकानें उभीं राहिलीं, त्यांत चटयांच्या जागीं खुर्च्यामेजें आलीं, आणि जोडे न काढतां जेवण्याची चाल वाढली. १९४१ पासून शहरांत तांदूळ मापून मिळूं लागला, व भात हवा तर खाणावळींत सरकारी कूपन द्यावें लागे.

आतां शेजारी कोण बसतो, हा प्रश्न. जपानी खाणावळींत गिऱ्हाइकाला त्याची जात कोणी विचारली नाहीं. पण जपानांत जन्माचा विटाळ नव्हता, असें मात्र समजूं नये. कातड्याचें व मेल्या जनावरांचें काम करणारा वर्ग तेथें शतकानुशतकें गांवाबाहेर राहत होता. १८७१ सालीं सरकारनें त्यांच्या हीनतादर्शक संज्ञा कायद्यानें रद्द केल्या. तरी लग्नांत, नोकरींत व घराच्या जागेंत भेद उरला, आणि १९२२ सालीं त्या लोकांना क्योटो येथें 'सुइहेइशा' नांवाची समतावादी संस्था काढावी लागली. खाणावळींत तो भेद अडखळला याचें कारण थोरपणा नसून गर्दी हें होय. अनोळखी गिऱ्हाइकाचें कूळ चेहऱ्यावरून ओळखतां येत नव्हतें, बाकावर जागा अरुंद होती, आणि वाडगा रिकामा करून उठण्याची प्रत्येकाला घाई होती.

आपल्याकडे असें झालें नाहीं. येथें खाणावळीच्या पाटीवरच जात लिहिलेली असे: ब्राह्मणी खाणावळ, मराठा खाणावळ, लिंगायत खाणावळ. दारांत नांव-गांव विचारलें जाई, आणि नांवावरून पंगत ठरे. ज्यांना कोणत्याच पंगतींत पाट नव्हता, त्यांना चहाच्या दुकानांतही निराळा कप ठेवलेला असे, आणि तो त्यांनींच धुवावयाचा. गिरणीच्या खात्यांत खांद्याला खांदा लावून राबणारे गडी भोंगा झाला कीं निरनिराळ्या दारांनीं जेवावयास जात, हा प्रकार पुष्कळ दिवस कोणाला विचित्रही वाटला नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानिशीं उल्लेख करून तेथें धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं, असें लिहावें लागलें. देशाच्या मूळ कायद्यांत चहाच्या दुकानाची गोष्ट यावी, यावरून तें दार किती घट्ट लागलेलें होतें याची कल्पना येते. जपानांत जें गर्दीनें केलें, तें येथें घटनेला करावें लागलें. आणि घटना लिहिल्यावरही कित्येक गांवीं तो निराळा कप लवकर फुटला नाहीं.

जपानी जेवण मुंबईस आलें तें मात्र उलट्या दारानें. २००४ सालीं ताजमहाल हॉटेलांत एका नामांकित जपानी बल्लवाच्या देखरेखीखालीं भोजनगृह निघालें, आणि एडोच्या सुतारानें उभ्याउभ्या गिळलेला मुटका श्रीमंतांच्या मेजावर चिनी मातीच्या बशींतून आला. सोलापुरांत उलट, गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हां त्यांच्यावर जगणाऱ्या खाणावळींचा मोठा आधार गेला, आणि त्यांची कडक भाकरी व शेंगांची चटणी पुडक्यांत बंद होऊन परगांवीं जाऊं लागली. जपानांतील जुन्या शोकुदोंवरही तशीच वेळ आली आहे. नवराबायको दोघेंच दुकान चालवितात, मुलगा शहरांत नोकरीस, नोरेन वांटून द्यावें असा नोकर नाहीं. तरीही संध्याकाळीं सहाच्या सुमारास पडदा बाहेर टांगला जातो. बाकाच्या टोंकाशीं एखादा एकटा कारकून येऊन बसतो, आणि त्याची रोजची मागणी ठाऊक असल्यामुळें मालकीण न विचारतांच भात वाढावयास घेते.