तोडण्याआधी विचारणं

आमच्याकडं दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायची सोय नव्हती. झाडं झोपली, असं आजी म्हणायची. कढीपत्त्याची चार पानं हवी असली तरी उजेडी तोडून ठेवायची. तुळशीचं तर त्याहून कडक. रविवारी नि द्वादशीला ती तोडायची नाही. पूजेला हवीच असेल तर खाली पडलेली पानं चालत. आवळा, चिंच, बोरं, ऊस हे तुळशीच्या लग्नाआधी तोंडात घालायचं नाही. कार्तिकातल्या द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधी लग्न लागतंय, याची आम्ही पोरं वाट बघायचो. तोवर आवळा झाडावर चांगला भरायचा, आणि पाखरांचाही वाटा निघायचा.

ही सगळी म्हाताऱ्या बायांची समजूत, असं गावातली शिकलेली माणसं म्हणत. पण जुने ग्रंथ बघितले तर हा धागा फार मागं जातो. यजुर्वेदाच्या परंपरेत यज्ञाचा खांब तोडताना कुऱ्हाड आणि झाड यांच्यामध्ये दर्भाची काडी धरायची, म्हणजे पहिला घाव झाडाला न लागता काडीला लागावा. झाड पडल्यावर बुंध्यावर तुपाची आहुती द्यायची आणि पुन्हा शंभर फुटव्यांनी वाढ, अशी विनवणी करायची. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणायचा विधी दिला आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांना दुसरीकडं वस्ती करायला सांगायचं, आणि सकाळी पाणी शिंपून, मध-तूप लावलेल्या कुऱ्हाडीनं ईशान्येकडून पहिला घाव घालायचा.

चरकसंहितेत तर औषधी कधी काढायची त्याचा हिशेबच आहे. मुळं शिशिरात किंवा ग्रीष्मात, साल, कंद नि चीक शरदात, लाकडाचा गाभा हेमंतात, फुलं-फळं ज्याच्या त्याच्या ऋतूत. काढणाऱ्यानं उपास करावा, स्वच्छ पांढरं वस्त्र नेसावं, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करावं. यातला ऋतूचा भाग वनस्पतीच्या गुणासाठी आणि उपासाचा भाग माणसासाठी, असं मला वाटतं. ज्याला एवढी तयारी करावी लागते तो सहज जाता-येता झुडूप उपटत नाही.

आमच्या कोकणाशी सगळ्यांत जवळची नोंद आज्ञापत्रातली. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी ते लिहिलं. आरमाराला लाकूड लागतं, आंबा-फणसही कामाचे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी या झाडांना हात लावू देऊ नये, असं ते बजावतात. कारण अगदी घरगुती आहे: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलेलं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं, जबरदस्ती नको. इथं झाडाबरोबर झाड लावणाऱ्यालाही विचारायचं आहे, हे विसरता कामा नये.

गावात हा शिरस्ता मी पाहिलेला आहे. आमचा सुतार फणस पाडायचा तर आदल्या सांजेला बुडाशी सुपारी नि तांदूळ ठेवून यायचा. सकाळी झाडावर घरटं दिसलं, तर काम पुढं ढकलायचा. वडील म्हणत, "घाई काय आहे? वासा पुढल्या महिन्यात चढवू." भाताच्या राबासाठी ऐनाचं कवळ तोडतानाही शेंडा राखायचा, हे कोयता हातात देतानाच सांगितलं जाई. शेंडा राहिला की झाड जगतं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा कवळ मिळतं.

राबाच्या याच कवळावरून पुढं इंग्रजी अमलात मोठी खळबळ झाली. १८७८ च्या वनकायद्यानं जंगलं राखीव होऊ लागली, ठाणे-कुलाब्याकडच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. देवाला नि शेजाऱ्याला विचारून तोडणाऱ्या माणसाला आता परवान्यासाठी कचेरीत उभं राहावं लागलं. विचारणं तेच, पण ज्याला विचारायचं तो बदलला. 'आपलं' रान 'सरकारी' झालं, की शेंडा राखायचं कारण निम्मं जातं.

देवराया मात्र टिकल्या. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र दुर्मीळ झालेली झाडं-वेली त्यांना तिथं सापडल्या. आमच्या भागात राईतलं झाड तोडायचं तर देवाला कळे लावून कौल घेतात. उजवा कळा पडला तर होकार.

पण नुसत्या विधीवर भरवसा ठेवून चालत नाही. शेजारच्या एका गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला. सिमेंटच्या कळसाला पैसा हवा होता. कौल झाला, उजवा पडला, आणि राईचा निम्मा भाग लाकडाच्या व्यापाऱ्याला गेला. देवाच्या नावानं देवाचंच रान विकलं. पुढं तोच विषय आमच्या गावात आला. बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटी एक म्हातारी बाई मागून बोलली, "कौल लावा, पण आधी पाणी कुठनं पिता ते सांगा." राईच्या पायथ्याशी आमचा झरा आहे. सगळे गप्प झाले. वादळात पडलेली तीन झाडं तेवढी दिली, आणि देवळावर कौलंच राहिली. झरा अजून वैशाखातही वाहतो.

आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान खाजगी मालकीचं आहे. ठेकेदार डोंगराचा उतारच्या उतार विकत घेतो, आणि कटरनं चार-आठ दिवसांत तो बोडका होतो. मालकाला पैशाची नड असते, त्याला नावं ठेवून भागत नाही. मुलीचं लग्न, दवाखाना, कर्ज, हे सगळं खरं आहे. पण सौदा ठरवताना दोन अटी घालता येतात. झऱ्या-वहाळाकाठची झाडं सोडायची, आणि फळाची नि ढोलीची झाडं राखायची. माझ्या पुतण्यानं गेल्या साली तसा सौदा केला. पैसे थोडे कमी आले. निघताना त्यानं ठेकेदाराला बरोबर घेतलं, आणि राखायच्या प्रत्येक झाडाला चुन्याचा पट्टा ओढून दाखवला.