केटूवर ऑक्सिजन कुणी नेला?

३१ जुलै १९५४. संध्याकाळचे सहा वाजत आलेले. काराकोरम पर्वतरांगेतल्या केटू या ८,६११ मीटर उंच शिखरावर दोन इटालियन माणसं पोचली. जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर पहिल्यांदा सर झालं. अकिले कोम्पान्योनी आणि लिनो लाचेडेल्ली ही त्यांची नावं. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हीच दोन नावं असतात आणि ती बरोबरच आहेत. ते दोघे वर पोचले याबद्दल कधीच कुणी शंका घेतलेली नाही.

आजची पोस्ट त्याच्या आदल्या रात्रीबद्दल आहे. हे दोघे ज्या ऑक्सिजनवर चढले, तो तिथपर्यंत कुणी नेला, आणि नेणाऱ्यांचं पुढे काय झालं? या साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळायला पन्नास वर्षं लागली.

आधी थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धात इटली हरलेली. देश मोडकळीला आलेला, लोकांना मान वर करायला काहीतरी हवं होतं. १९५० मध्ये फ्रेंचांनी अन्नपूर्णा सर केलं होतं. १९५३ मध्ये ब्रिटिश मोहिमेतून तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले होते. त्याच वर्षी हर्मान बूलने नंगा पर्वत गाठला होता. इटलीला केटू हवं होतं, आणि अशा वेळी मोहीम ही नुसती मोहीम राहत नाही, तो देशाच्या इज्जतीचा मामला होतो. नेता होते आर्दितो देसिओ, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. शिस्तीचे कडक, तळावरून लेखी हुकूम पाठवणारे.

आता आपल्याकडच्या इतिहासाशी जोडलेली एक गोष्ट. फाळणीआधी हिमालयातल्या बहुतेक मोठ्या मोहिमांना दार्जिलिंगचे शेर्पा जायचे. १९४७ नंतर काराकोरम आणि नंगा पर्वताकडे जाण्याचा रस्ता पाकिस्तानातून होता, आणि भारतातून शेर्पा तिकडे नेणं अवघड होऊन बसलं. मग उंचावरच्या कामासाठी हुंझा खोऱ्यातली माणसं घेतली जाऊ लागली. काटक आणि डोंगरात जन्मलेली माणसं. पण शेर्पांनी तोवर तीस वर्षांत मोहिमांमध्ये जे स्थान मिळवलं होतं, ते यांना नव्हतं. कागदावर ते फक्त हमाल.

त्यातलाच एक अमीर महदी. हुंझातल्या हसनाबादचा, तेव्हा चाळिशीतला. १९५३ मध्ये नंगा पर्वतावरून हिमदंश झालेल्या बूलला खाली आणणाऱ्यांत तो होता. म्हणजे १९५४ साली तो काही नवशिका नव्हता. हुंझाच्या माणसांतला सगळ्यात दमदार म्हणून त्याची ओळख होती.

३० जुलैला ठरलेलं असं होतं. कोम्पान्योनी आणि लाचेडेल्ली पुढे जाऊन शेवटचा, म्हणजे नववा तळ लावणार. चोवीस वर्षांचा वॉल्टर बोनात्ती खालून ऑक्सिजनचे दोन संच घेऊन त्यांना गाठणार. एकेक संच अठरा-एकोणीस किलोचा. आठ हजार मीटरवर, जिथे नुसतं स्वतःचं शरीर वर ढकलताना चार पावलांनी थांबावं लागतं, तिथे पाठीवर हे ओझं. दुसरा संच उचलायला बोनात्तीला माणूस हवा होता. तो माणूस म्हणजे महदी.

महदी तयार कसा झाला? बोनात्तीने त्याला सुचवलं की कदाचित तुलाही शिखरावर जायला मिळेल. हे आमिष होतं, आणि पुढे बोनात्तीनेच ते लिहून मान्य केलं. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. कारण या कहाणीत बोनात्तीवर अन्याय झाला हे खरं, पण महदीला वर नेताना त्यानेही पूर्ण खरं सांगितलं नव्हतं. आणि आमिष चाललं, याचाच अर्थ महदीला शिखर हवं होतं. तो फक्त मजुरीसाठी चढत नव्हता.

संध्याकाळ झाली. ठरल्या जागी दोघे पोचले तर तिथे तंबूच नाही! हाका मारल्या. उजेड जात चाललेला. तंबू ठरल्यापेक्षा वर आणि बाजूला, उतारावरून आडवं जाऊन गाठायच्या जागी लावलेला होता. अंधारात तिथे जाणं म्हणजे मरण. बऱ्याच वेळाने वरून एक दिवा लागला आणि लाचेडेल्लीचा आवाज आला: ऑक्सिजन तिथेच ठेवा आणि खाली जा. दिवा विझला. पुन्हा लागला नाही.

खाली जाणंही शक्य नव्हतं. त्या अंधारात, त्या उतारावर, थकलेल्या महदीला घेऊन उतरणं बोनात्तीला जमण्यासारखं नव्हतं. मग त्याने बर्फात एक छोटीशी कपार खोदली आणि दोघांनी रात्र तिथे काढली. सुमारे ८,१०० मीटरवर, तंबू नाही, झोपायची पिशवी नाही, स्टोव्ह नाही. रात्री हिमवादळ आलं. एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसं, एकाच कपारीत. एवढ्या उंचीवर इतक्या उघड्यावर रात्र काढून कुणी जगेल असं तोवर कुणी मानत नव्हतं.

दोघेही जगले. उजाडताच महदी खाली निघाला. बोनात्तीने बर्फाखाली गेलेल्या नळ्या उकरून वर काढल्या, दिसतील अशा ठेवल्या आणि मग तोही उतरला. काही तासांनी कोम्पान्योनी आणि लाचेडेल्लीने त्या उचलल्या आणि संध्याकाळी शिखर गाठलं.

बोनात्ती जवळपास धडधाकट परतला. महदी नाही. इटालियन सदस्यांकडे उंचीसाठी बनवलेले खास बूट होते. महदीच्या पायात लष्करी धाटणीचे बूट होते आणि तेही लहान मापाचे, असं त्याच्या घरच्यांनी पुढे सांगितलं. हिमदंशाने त्याच्या दोन्ही पायांची सगळी बोटं गेली. कित्येक महिने रुग्णालयात काढून तो गावी परतला. आपली बर्फकुऱ्हाड त्याने नजरेआड ठेवायला सांगितली. पुन्हा कधी मोहिमेवर गेला नाही.

इकडे इटलीत जल्लोष. अधिकृत वृत्तान्तात त्या रात्रीचा उल्लेख आला तो अगदी कडेकडेने. पाकिस्तानात महदीच्या अवस्थेवरून वर्तमानपत्रांत ओरड झाली, प्रकरण इटलीच्या राजदूतापर्यंत गेलं आणि मिटवलं गेलं. विजयाच्या वर्षी चौकशी कुणाला हवी असते?

यावर कडी झाली १९६४ मध्ये. मोहिमेला दहा वर्षं झाली तेव्हा एका इटालियन वर्तमानपत्रात बोनात्तीवरच आरोप छापून आले. त्याला स्वतःला आधी शिखर गाठायचं होतं, त्याने रात्री ऑक्सिजन वापरून संपवला, महदीला वाऱ्यावर सोडलं, वगैरे. बोनात्ती कोर्टात गेला आणि बदनामीचा खटला १९६६ मध्ये जिंकला. उत्तर सोपं होतं. नळ्या त्याच्याजवळ होत्या, पण ऑक्सिजन घ्यायचे मुखवटे वरच्या तंबूत, त्या दोघांजवळ होते. मुखवट्याशिवाय तो ऑक्सिजन वापरणार कसा? निकाल लागला तरी अधिकृत वृत्तान्त तसाच राहिला.

मग यात उतरला एक त्रयस्थ माणूस. रॉबर्ट मार्शल, ऑस्ट्रेलियातला शल्यचिकित्सक. या प्रकरणासाठी तो इटालियन शिकला. अधिकृत कथा अशी होती की ऑक्सिजन शिखराच्या बराच आधी संपला आणि दोघे त्याच्याशिवायच वर गेले. १९९३ मध्ये मार्शलने शिखरावरचे जुने छापील फोटो दाखवले. त्यात कोम्पान्योनीच्या तोंडावर मुखवटा आहे. लाचेडेल्लीच्या दाढीवरचा बर्फ अशा आकारात आहे की मुखवटा नुकताच काढला असावा. आणि संच पाठीवर आहेत. आता सांगा, संपलेल्या नळ्यांचं एवढं ओझं शेवटच्या चढावर कोण वाहून नेईल? फोटो जवळपास चाळीस वर्षं सगळ्यांसमोर होते. नीट पाहिले एकाने.

२००४ मध्ये लाचेडेल्लीने आपल्या पुस्तकात सांगितलं की तंबू दुसऱ्या जागी लावायचा आग्रह कोम्पान्योनीचा होता. कोम्पान्योनीचं म्हणणं वेगळं होतं, मूळ जागा धोक्याची होती असं तो सांगत आला. त्याच वर्षी इटलीच्या अल्पाइन क्लबने तीन जाणकारांची समिती नेमली. तिने बोनात्तीची बाजू खरी मानली आणि पुढे क्लबने ती अधिकृत म्हणून स्वीकारली. २००९ मध्ये कोम्पान्योनी आणि लाचेडेल्ली दोघेही वारले. बोनात्ती २०११ मध्ये गेला, पण आपलं खरं ठरलेलं पाहून गेला.

महदी मात्र १९९९ च्या डिसेंबरमध्येच वारला होता.

आणि इथेच मला खरी बोच आहे. बोनात्तीकडे लेखणी होती, वकील होते, वाचक होते. पुढे गाशरब्रुम ४ आणि मॅटरहॉर्नसारख्या चढायांनी तो जगातला मोठा गिर्यारोहक झाला होता. तरीही त्याला पन्नास वर्षं लागली. महदीकडे यातलं काही नव्हतं. त्याच्या पायांबद्दलचा वादसुद्धा दोन इटालियन बाजूंमध्येच चालला. एक बाजू म्हणायची तुझ्यामुळे झालं, दुसरी म्हणायची तुमच्यामुळे. त्याची साक्ष दोघांनाही हवी होती. त्याला काय हवं होतं, हे विचारणारा विरळा.

केटूवर पोचणारा पहिला पाकिस्तानी अश्रफ अमान, १९७७ मध्ये. म्हणजे महदीला आमिष दाखवल्यानंतर तेवीस वर्षांनी. आणि १६ जानेवारी २०२१ ला केटू पहिल्यांदा ऐन हिवाळ्यात सर झालं, तेव्हा ते करणारे दहाही जण नेपाळी होते. शिखर थोड्या अंतरावर राहिलं तेव्हा पुढचे मागच्यांसाठी थांबले, आणि राष्ट्रगीत म्हणत सगळे एकत्र वर गेले. पहिला कोण, या प्रश्नाला त्यांनी जागाच ठेवली नाही. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचं सामान वाहिलेल्या समाजाला हे बरोबर सुचलं, यात मला नवल वाटत नाही.

आपल्याकडेही आता दरवर्षी कुणी ना कुणी एव्हरेस्टवर जातं, मिरवणुका निघतात, सत्कार होतात. व्हायलाच हवेत, त्यामागे मेहनत असते. पण बातमीत सोबतच्या शेर्पाचं नाव शोधून पाहा. बहुतेक वेळा सापडत नाही. सापडलं तर ‘शेर्पाच्या मदतीने’ एवढंच.

तेव्हा आयोजकांना, पत्रकार मित्रांना आणि सत्कार घेणाऱ्यांनाही एक विनंती आहे. त्या फलकावर अजून एक ओळ मावते. दोर कुणी लावला, ऑक्सिजन कुणी वाहिला, त्यांची नावं लिहा. आणि माणूस जखमी होऊन परतला असेल तर त्याच्या विम्याचं काय झालं, तेही विचारा. महदीच्या वेळी हे विचारायला कुणी नव्हतं. आज आपण आहोत.