खरेदीखताच्या मागचा कागद

मानवतसारख्या गावात प्लॉट घ्यायचा झाला, की आपण काय पाहतो? रस्ता, पाणी आणि भाव. मग विसार देतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत नोंदवतो, आणि वाटते, झाले, जागा आपली! पण कचेरी दस्त नोंदवते. विकणाऱ्याच्या हक्काची हमी ती देत नाही. त्याच्याजवळ जेवढा हक्क, तेवढाच आपल्याला मिळतो.

माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी निवृत्तीच्या पैशांतून जागा घेतली, घर बांधले. पुढे मुलाने त्यावर कर्ज मागितले, तेव्हा कळले की मूळ शेत इनामाचे!

हे इनाम म्हणजे काय? सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथे कुणाला निर्वाहासाठी जमीन मिळे, ती मदतमाश. देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी मिळे, ती खिदमतमाश. खिदमत म्हणजे चाकरी. दिवाबत्ती करावी आणि जमिनीचे उत्पन्न खावे. नावे फारसी वळणाची, पण इनामदार हिंदूही होते आणि मुसलमानही. उत्पन्न खाणारा म्हणजे मालक नव्हे. ती जमीन विकण्याची त्याला मुभा नव्हती.

१९५४ साली हैदराबाद राज्याने इनामे रद्द करण्याचा कायदा केला. धर्मसंस्थांची इनामे मात्र त्यातून वगळली. बाकीच्यांत अनेक जमिनी ताब्यातल्या माणसाच्या नावे झाल्या, त्याही अटीवर: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकू नये. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी हा कायदा इथे चालूच राहिला. गावे वाढली, शिवारातल्या शेतांचे प्लॉट पडले, आणि ही अट विसरली गेली. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. पण तिथवर कोण वाचतो? २०१५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नजराणा भरून असे व्यवहार नियमित करण्याची वाट निघाली. देवस्थानाच्या जमिनीला तेव्हा ती वाट नव्हती.

म्हणून विसार देण्याआधी तलाठ्याकडून जुने फेरफार मागा. तहसिलातून १९५४-५५ चे खासरा पत्रक काढा. त्यामागचा कागद उर्दूत असेल, तर जाणत्याकडून वाचून घ्या. गुरुजींनीही तो वाचून घेतला, पण घर बांधल्यावर सहा वर्षांनी.